बॅकअप झाला, पण किती वेगानं?

भाची नागपुरात बॅकअप सर्व्हर सांभाळते. मामा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) गोंडेगाव खुल्या खाणीतून निवृत्त झालेले. कन्हानच्या घरी दुपारची जेवणं आटोपल्यावरचं हे बोलणं.

मामा : सुट्टीवर आली अन् सकाळपासून आकडेच पाहून राहिली. बॅकअप झाला का नाही, एवढंच पाहायचं ना?

भाची : 'झाला' हे सर्व्हर स्वतःच कळवतो, मामा. कसा झाला, ते कळवत नाही. समजा, रोज रात्री ११ वाजता २ टेराबाइट डेटा निघतो. १ गिगाबिटच्या लाइनवरून सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट जाऊ शकतात, प्रत्यक्षात ११० धरा. पाच तास लागतात, पहाटे ४ ला काम संपतं. हाच वेग ६० वर उतरला की सव्वानऊ तास. सकाळी ८ वाजून गेले तरी कॉपी चालूच, आणि लोक कामाला येऊन बसलेले. अहवालात मात्र दोन्ही दिवशी 'यशस्वी' असंच लिहिलेलं असतं.

मामा : मग हा वेग तुला सांगतं कोण?

भाची : त्यासाठी वेगळं साधन लागतं. आयबीएमचं 'स्टोरेज प्रोटेक्ट' हे बॅकअपचं सॉफ्टवेअर घ्या. १९९३ मध्ये ते एडीएसएम होतं, १९९९ पासून टीएसएम, आणि जुने लोक अजूनही टीएसएमच म्हणतात. त्याच्यासाठी 'सर्व्हरमॉन' नावाची पर्ल स्क्रिप्ट आहे. ठरावीक अंतरानं ती सर्व्हरला विचारते की किती सेशन चालू आहेत, कोणता धागा, म्हणजे सर्व्हरमधलं एकेक काम, दुसऱ्यानं धरलेल्या कुठल्या कुलुपासाठी अडलाय. ऑपरेटिंग सिस्टिमकडून डिस्क आणि प्रोसेसरचे आकडे घेते, आणि सगळं वेळेसकट फाइलमध्ये लिहून ठेवते. दुसरी रीत 'प्रोमिथियस'ची, साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेली. तिथे सर्व्हरजवळ एक छोटा प्रोग्राम आकडे मांडून ठेवतो आणि प्रोमिथियस येऊन ते उचलून नेतो.

मामा : घडीघडी विचारल्यानं सर्व्हरवरच ताण येत नाही का?

भाची : येतो ना! म्हणून हलके प्रश्न वारंवार आणि जड प्रश्न क्वचित. पण अंतर फार वाढवूनही चालत नाही. रात्रभराची सरासरी ९० दिसते आणि मधला एक तास वेग १० वर आलेला असतो, तो त्या सरासरीत बुडून जातो. मला हवा असतो तो नेमका तोच तास.

मामा : बरं, तास सापडला. वेग काऊन पडला, हे कसं समजणार?

भाची : टीएसएमचा हा भाग मला फार मोलाचा वाटतो. त्यात 'इन्स्ट्रुमेंटेशन' चालू करून काही वेळानं बंद केलं, की प्रत्येक धाग्याचा हिशेब मिळतो. डिस्क वाचण्यात किती वेळ गेला, लिहिण्यात किती, नेटवर्कवरून डेटा येण्याची वाट पाहण्यात किती, कुलूप सुटण्याची वाट पाहण्यात किती. नेटवर्कची वाट पाहण्यातच बहुतेक वेळ गेला असेल, तर बॅकअप सर्व्हरला महागड्या डिस्क लावून काही उपयोग नाही. अडचण पलीकडे आहे. लाइनमध्ये, किंवा ज्या मशीनचा डेटा येतोय तिथे.

मामा : आमच्या खाणीतही हेच. शॉवेल रिकामा उभा असला तर डंपर कमी, अन् डंपरची रांग लागली तर शॉवेल कमी पडून राहिला. कोण कोणासाठी थांबलं, ते आधी पाहायचं.

भाची : अगदी तेच, मामा. आणि लोक हे न पाहताच खरेदी करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मामा : अन् परत आणायचा वेग? गरज पडली तर तोच लागणार.

भाची : मुद्द्याचं बोललात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला, सुमारे ३०० गिगाबाइट. रोजचा बॅकअप पाहिला तर जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता, म्हणून तो रोज अपयशी ठरत होता. नशिबानं सहा तास आधीची एक प्रत दुसऱ्या सर्व्हरवर होती. पण तिथल्या डिस्कचा वेग सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास, म्हणजे जेमतेम साडेसात मेगाबाइट. प्रत आणायला सुमारे १८ तास लागले. तो वेग आधी कोणी मोजून ठेवला असता, तर ती प्रत भरवशाची नाही हे आधीच दिसलं असतं.

मामा : म्हणजे जाण्याच्या वेगावरून येण्याचा वेग धरू नये.

भाची : नाहीच. डेटा साठवताना एकसारखे तुकडे एकदाच ठेवतात, त्यानं जागा वाचते. परत आणताना मात्र तेच तुकडे डिस्कभर शोधत फिरावं लागतं. म्हणून खरोखर रिस्टोअर करून पाहायचा आणि तो आकडाही याच साधनात नोंदवायचा.

मामा : अन् सर्व्हरची इमारतच पाण्यात गेली तर? २०२० च्या ऑगस्टअखेर पेंच धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हा या कन्हान नदीनं काय केलं ते आपण पाह्यलं.

भाची : त्यासाठी दुसऱ्या गावी प्रत ठेवतात. तिचाही एक आकडा असतो, ती प्रत मूळ डेटापेक्षा किती तास मागे आहे. गावाबाहेरची लाइन अरुंद असते, म्हणून हे अंतर हळूहळू वाढत जातं. आज दोन तास, महिन्याभरानं वीस. एका दिवसाचा आकडा पाहून ते कळत नाही, म्हणून मी निदान तीन महिन्यांची नोंद राखते.

मामा : अन् आकडे आणणारी ती स्क्रिप्टच बंद पडली तर?

भाची : गिटलॅबमध्ये तसंच काहीसं झालं. बॅकअप अपयशी ठरल्याचे ईमेल निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. कोणापर्यंत पोचलेच नाहीत. म्हणून मी इशारा उलटा लावलाय. वेग पडला तर फोन वाजतोच, पण पंधरा मिनिटं एकही आकडा आला नाही, तरी वाजतो.