ऊन फुकट, बाकी सगळं जमवायचं

केनियात सौरप्रकल्प उभारण्याच्या कामात माझी काही वर्षं गेली. तिकडे नव्याने निघालेले आपले इंजिनिअर भेटले, की पहिला प्रश्न पॅनेलचाच विचारतात. पॅनेल हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. बाकीच्याविषयी थोडं सांगतो.

१. आधी वाहिनी पाहा, मग जमीन.
सपाट, स्वस्त, उन्हात भाजणारी जमीन तिथं हवी तेवढी दिसते. जवळ उपकेंद्र नसेल, तर ती आपल्या कामाची नाही. तुर्काना सरोवराजवळच्या ३१० मेगावॅटच्या पवनचक्क्या २०१७ साली उभ्या होत्या; त्यांची वीज सुस्वाच्या उपकेंद्रापर्यंत नेणारी चारशेहून अधिक किलोमीटरची वाहिनी चालू झाली सप्टेंबर २०१८ मध्ये. मधल्या काळात न वापरलेल्या विजेची भरपाई देशाला भरावी लागली. उपकेंद्र जवळ असलं, तरी ट्रान्स्फॉर्मरवर जागा किती शिल्लक आहे आणि वाहिनी महिन्यातून किती वेळा बंद पडते, हे परवानगी काढून लॉगबुकात स्वतः वाचा.

२. जमिनीचा कागद पुरेसा नाही.
गारिसासारख्या कोरड्या भागात जमीन पिढ्यानपिढ्या सगळ्या समाजाची, गुरं चारणाऱ्यांची. २०१६ च्या कायद्याने हा सामुदायिक हक्क मान्य केला आहे. म्हणून बराझा, म्हणजे तिथली गावसभा, टाळून पुढे जाऊ नये. अशाच एका सभेत पाऊस, गुरं, मुलांच्या शाळेची फी असं सगळं बोलून झाल्यावर एका आजोबांनी काठीने वाळूत रेघ ओढली. उंट पाण्यावर जायची ती वाट होती. आमच्या नकाशात ती नव्हती आणि आमचं कुंपण नेमकं तिच्यावर येत होतं. कुंपण आत घेतलं, पॅनेलच्या दोन रांगा दुसरीकडे नेल्या. त्या आजोबांचे मी आजही मनापासून आभार मानतो. किनांगोपचा ६० मेगावॅटचा पवनप्रकल्प जमिनीवरून पेटलेल्या विरोधामुळे २०१६ मध्ये गुंडाळावा लागला, हे विसरू नये.

३. काळ्या मातीला हलकं समजू नका.
नैरोबीजवळच्या अथीच्या माळावर आपल्या मराठवाड्यासारखीच काळीभोर माती लागते. कोरड्या महिन्यांत भेगा पडतात, मार्चनंतरच्या पावसात ती फुगते आणि खांब वर ढकलते. खांब उपसण्याची चाचणी सुक्यात घ्या, ओल्यातही घ्या.

४. विषुववृत्तावर सूर्य काही महिने उत्तरेला असतो, काही महिने दक्षिणेला. त्यामुळे पॅनेलला जास्त कल देण्याचा फायदा नाही. तरी दहा अंशांचा कल ठेवा, पावसाने धूळ धुऊन जाते. एल्डोरेट दोन हजार मीटरहून उंच आहे; थंड हवेत पॅनेल जास्त वीज देतात, पण विरळ हवेत इन्व्हर्टर नीट थंड होत नाही. उत्पादकाचा उंचीचा तक्ता पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

५. खरा प्रश्न संध्याकाळचा.
वर्षभर साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि विजेची सर्वाधिक मागणी येते त्यानंतर. ओल्कारियाची भूऔष्णिक वीज रात्रंदिवस मिळत असल्याने नुसत्या दुपारच्या विजेचं केनियाला फारसं अप्रूप नाही. २०१२ च्या धोरणात सौरविजेला युनिटमागे १२ अमेरिकी सेंट दर होता. २०२१ मध्ये सरकारी कार्यदलाने जुने वीजखरेदी करारच तपासायला घेतले. त्यात करार डॉलरमध्ये आणि ग्राहक बिल भरतो शिलिंगमध्ये. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला ११० च्या आसपास शिलिंग पडत, जानेवारी २०२४ मध्ये १६० पडू लागले. एवढा बोजा सामान्य ग्राहकावर टाकणारा करार फार दिवस टिकेल, असं मला वाटत नाही. म्हणून संध्याकाळच्या मागणीसाठी लागणाऱ्या बॅटरीचा खर्च पहिल्याच आकडेमोडीत धरा. शिवाय नैवाशाच्या फुलशेतीकडे जरूर पाहा. तिथली शीतगृहं आणि पंप भर दुपारी वीज ओढतात, वीज वापरणारा कुंपणाच्या आतच असतो आणि लांबच्या वाहिनीची गरज पडत नाही.