परीक्षेत गुण कमी पडले तर

नीटचा किंवा सीईटीचा निकाल लागला की आमच्या वडनेरच्या दवाखान्यात डोकेदुखी, आम्लपित्त आणि निद्रानाशाच्या तक्रारी घेऊन विद्यार्थी येऊ लागतात. सोबतचे वडील हमखास म्हणतात, "डॉक्टरसाहेब, बुद्धीचं एखादं टॉनिक लिहून द्या." असे टॉनिक वैद्यकशास्त्रात नाही. अभ्यासाच्या चांगल्या सवयी मात्र आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही.

आपल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पूर्वी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असे. तीत गांधी विचारांचाही पेपर असे. आता तेथील प्रवेशही नीटवरूनच होतो. सारा भार एकाच परीक्षेवर आल्याने पुन्हा बसणारी मुले बारा-बारा तास वाचत बसतात. पण तेच पान पुन्हा वाचले की ते ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे म्हणजे पाठ झाले असा गैरसमज होतो. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) पुस्तक मिटून लिहा : धडा वाचून झाल्यावर कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले होते.

२) अंतराने उजळणी करा : शिकलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते, हे एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवले. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उजळणी करावी.

३) चुकांची वही ठेवा : २०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्न होते. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. समजा १०० उत्तरे बरोबर आणि ८० चूक आली, तर गुण झाले ३२०. त्यातल्या फक्त २० चुका सुधारल्या तर तेच गुण ४२० होतात! प्रत्येक सराव पेपरनंतर चूक का झाली ते लिहावे : माहीत नव्हते, घाई झाली की अंदाज मारला?

४) झोप मोडू नका : वाचलेले मेंदूत पक्के होण्यास झोप लागते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. चहा पिऊन जागरण करणे म्हणजे भरलेल्या पोत्याला खालून भोक पाडणे होय.

५) परीक्षेच्या वेळी सराव करा : २०२५ ची नीट ४ मे रोजी दुपारी २ ते ५ या वेळात झाली. विदर्भातल्या मे महिन्यात ही वेळ सुस्तीची. आठवड्यातून एकदा त्याच वेळी, हलके जेवून, घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवावा. पाणी भरपूर प्यावे.

पालकांना विनंती, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. क्लासच्या फीचा हिशेब जेवणाच्या ताटावर काढू नका. मूल जेवेनासे झाले, एकटे राहू लागले किंवा "जगून काय उपयोग" असे बोलले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत सल्ला मिळतो.

परीक्षा पुन्हा देता येते. मुलाची प्रकृती आधी सांभाळा.