लोखंडाच्या रानात उपाशी ऊस

प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या कालव्यांखाली उसाचे फड हिरवेगार उभे असतात. त्यातच एखादा पट्टा मात्र फिकट दिसतो. तेथील उसाची शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात. पानाच्या शिरा काही काळ हिरव्या राहतात व मधला भाग पिवळा होतो, म्हणून पानावर उभे पट्टे दिसतात. पुढे सारे पान केवड्याच्या पातीसारखे पांढुरके होते. खोडव्यात हे विशेष आढळते. शेतकरी म्हणतात, 'केवडा पडला.' काही पिकांच्या बुरशीजन्य रोगालाही हेच नाव आहे. पण उसातला हा केवडा बहुधा रोग नसतो, ती लोहाची उपासमार असते.

येथेच खरे कोडे सुरू होते. अहिल्यानगर जिल्ह्याची (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये दर १०० किलोंत सुमारे ९ ते १० किलो लोह असते. मग अशा मातीत पिकाला लोह कमी कसे पडते?

थोडे गणित

एक हेक्टर शेताचा वरचा २० सेंटीमीटरचा थर घेतला, तर त्यात सुमारे २२ लाख किलो माती भरते. तिच्यात शेकडा ५ भाग लोह आहे असे धरू. म्हणजे लोह झाले १,१०,००० किलो. उसाच्या पिकाला लागते काही थोडे किलो. या हिशेबाने हजारो पिके निघाली तरी लोह पुरावे.

पण माती परीक्षण प्रयोगशाळा एकूण लोह मोजतच नाही. ती डीटीपीए नावाच्या द्रावणात माती ढवळून त्यात जेवढे लोह उतरते तेवढेच मोजते. हा आकडा दर दहा लाख भागांत ४.५ भागांपेक्षा कमी आला, तर जमिनीत लोह कमी आहे असे मानतात. आपल्या हेक्टरात ही मर्यादा सुमारे १० किलो होते. म्हणजे एक लाख दहा हजार किलो लोह पडून आहे आणि पिकाचे बरेवाईट ठरते ते या दहा किलोंवर. मूळ खडा चावून खात नाही. ते पाण्यात विरघळलेले तेवढेच घेते.

कुलूप कशाचे?

या जमिनींत चुनखडी फार. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की बुडबुडे येतात, ते तिच्यामुळेच. चुनखडीमुळे मातीचा सामू ८ किंवा त्याहून अधिक राहतो. लोहाचे दोन प्रकारचे आयन असतात. फेरस आयन तुलनेने सहज विरघळतो. हवेतील ऑक्सिजन त्याला फेरिक बनवतो व फेरिक लोह हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे गंजासारख्या, रूपात खाली बसते. सामू एकाने वाढला की पाण्यातील मोकळ्या फेरिक आयनांचे प्रमाण हजार पटींनी घटते. सामू ६ वरून ८ वर गेला तर ते दहा लाखांश उरते!

त्यात पाटाचे पाणी जास्त झाले की मातीतील पोकळ्या भरून जातात. मुळांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. तो पाणी व चुनखडी यांच्याशी मिळून बायकार्बोनेट तयार करतो. हे बायकार्बोनेट मुळांनी सोडलेले आम्ल निष्प्रभ करून टाकते. म्हणून पाणी साचणाऱ्या भागात केवडा आधी दिसतो.

पान पिवळे का पडते?

हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असते, लोह नसते. परंतु हरितद्रव्य घडविणाऱ्या काही क्रियांना लोह लागते. लोह नाही म्हणून हरितद्रव्य नाही, हरितद्रव्य नाही म्हणून साखर नाही. एकदा जुन्या पानात बसलेले लोह नव्या पानाकडे सहसा जात नाही, म्हणून पिवळेपणा शेंड्यापासून सुरू होतो. नत्र कमी पडले तर उलट घडते. आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. हा भेद ओळखला नाही, तर शेतकरी युरियाची पोती ओतत राहतो आणि पान पिवळेच राहते.

मुळांच्या दोन युक्त्या

वनस्पती मात्र स्वस्थ बसत नाहीत. भुईमूग, हरभरा यांची मुळे आम्ल सोडतात व फेरिक लोहाचे फेरस करून ते आत घेतात. गवताच्या कुळातील भात, मका, ऊस यांची रीत निराळी आहे. १९७६ मध्ये ताकागी या जपानी शास्त्रज्ञाने ओट व भात यांच्या मुळांतून लोह विरघळविणारे द्रव्य पाझरते, हे दाखवून दिले. हे द्रव्य लोहाला खेकड्याच्या नांगीसारखे पकडते. अशा संयुगांना म्हणूनच नांगीच्या ग्रीक नावावरून 'चिलेट' म्हणतात. चीनमधील चुनखडीच्या जमिनीत मक्याशेजारी लावलेला भुईमूग हिरवा राहतो, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मक्याने सोडविलेले लोह शेजाऱ्यालाही मिळते.

या दारातून नको ते पाहुणेही येतात. १९९६ मध्ये एका लहान रोपात लोह आत घेणारे प्रथिन सापडले. पुढे दिसले की त्याच वाटेने जस्त, मँगनीज आणि विषारी कॅडमियमही आत शिरते. भांगेच्या कुळातील हेम्प हे धाग्याचे झाड दूषित मातीतून कॅडमियम, शिसे असे धातू ओढते, म्हणून जमीन स्वच्छ करण्यासाठी त्याचे प्रयोग झाले आहेत. पण ज्या झाडाने विष ओढले, त्याचे पान वा बी पोटात जाणे धोक्याचे, हेही त्यातूनच उघड होते. मातीत जे विरघळते ते झाडात येते. ते चांगले की वाईट, हे मूळ नेहमीच ओळखू शकत नाही.

उपाय

राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. लोहाची कमतरता असलेल्या जमिनीत उसाला हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, द्यावे अशी शिफारस केली जाते. यात लोह असते जेमतेम ५ किलो. लाखभर किलोंत पाच किलोंची भर ती काय, असे तुम्ही विचाराल. शिवाय ते नुसते मातीत टाकले तर त्याचाही गंजच होणार. म्हणूनच ते दहापट शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवून द्यायचे असते. शेणखतातील सेंद्रिय द्रव्ये लोहाला नांगीत धरून ठेवतात. पान पिवळे पडलेच असेल, तर हिराकशीचे सौम्य द्रावण पानांवर फवारतात. मातीचे कुलूप तेथे आड येत नाही. सोबत पाण्याचा निचराही सुधारावा लागतो.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन परीक्षानळ्यांत हिराकशीचे थोडे ताजे द्रावण घ्या. दुसऱ्या नळीत लिंबाचा भरपूर रस घाला. आता दोन्हींत चुन्याच्या निवळीचे सारखेच थेंब टाका. पहिल्या नळीत मळकट हिरवा साका पडतो व काही वेळाने तो वरून तांबूस होऊ लागतो. दुसरीत साका लगेच पडत नाही. लिंबातील सायट्रिक आम्ल चुन्याला मारते आणि लोहालाही धरून ठेवते. पहिली नळी म्हणजे चुनखडीचे रान. दुसरी म्हणजे शेणखत घातलेले रान.

आता विचार करा : तुमच्या गावात पिवळे पडलेले पीक दिसले, तर वरची पाने आधी पिवळी झाली की खालची? पाणी कोठे साचते? ढेकळावर आम्ल टाकले तर बुडबुडे येतात का? या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊनच मातीचा नमुना प्रयोगशाळेत न्या. जमिनीत किती आहे यापेक्षा पिकाच्या हाती किती लागते, हे पाहणे महत्त्वाचे.