वकिलांच्या पेढीचें अर्थशास्त्र

नगरच्या न्यायालयांत ज्यांचें जाणें-येणें आहे त्यांनीं एक गोष्ट पाहिली असेल. एखादे नामांकित वकीलसाहेब निवर्तले कीं थोड्याच दिवसांत त्यांचे पक्षकार पांगतात. मुलगा वकील असला तर कांहीं टिकतात, नाहीं तर दप्तरें तेवढीं मागें उरतात. उलट, मुंबईची क्रॉफर्ड बेली ही सॉलिसिटरांची पेढी १८३० पासून व लिटल अँड कंपनी १८५६ पासून चालत आली आहे. मूळ पुरुष केव्हांच गेले. पेढ्या मात्र चालूच आहेत. हें कसें घडतें?

मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेंत पूर्वीं कामाची विभागणी असे. सॉलिसिटरानें पक्षकाराशीं बोलून कागद तयार करावे, बॅरिस्टरानें ते घेऊन न्यायाधीशांपुढें उभें राहावें. गिरण्यांचे करार, जागांचे व्यवहार, मृत्युपत्रें असें काम बारा महिने येई. एका माणसास तें उरकत नसे. म्हणून भागीदारी आली. १९७६ च्या कायद्यानें ही सक्तीची विभागणी मोडली, तरी व्यापाऱ्यांची गरज न मोडल्यामुळें पेढ्या टिकल्या.

आतां हिशेब पाहूं. समजा, एका भागीदाराच्या हाताखालीं चार तरुण वकील आहेत. प्रत्येकाच्या कामाबद्दल दरमहा १,००,००० रुपये फी येते. त्यांतून ४०,००० पगार व ३०,००० जागाभाडें, कारकून इत्यादि खर्च वजा जातां ३०,००० उरतात. चौघांचे मिळून १,२०,००० भागीदारास लाभले. कोणास ही सुखाची कमाई वाटेल! परंतु एक महिना काम आलें नाहीं तर २,८०,००० रुपयांचा खर्च त्याच्याच अंगावर पडतो. शिवाय काम आज होतें आणि फी कित्येक महिन्यांनीं येते.

मग बाहेरून भांडवल कां घेऊं नये? प्रवरेचा साखर कारखाना शेतकरी सभासदांच्या भागांवर उभा राहिला; पेढीस तसें करतां येत नाहीं. वकिलानें वकील नसलेल्या माणसाशीं फीची वांटणी करूं नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. जाहिरात करून गिऱ्हाईक मिळविण्यासही बंदी आहे. भागीदारहि पूर्वीं विसांहून अधिक घेतां येत नसत, व एकाच्या चुकीची भरपाई सर्वांच्या घरादारावर येई. २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारीच्या कायद्यानें हीं दोन्ही बंधनें सैल झालीं.

तेव्हां पेढीचें खरें भांडवल म्हणजे माणसें, आणि तीं उद्यां दुसरीकडे जाऊं शकतात. म्हणून नफ्याची वांटणी हा सर्वांत नाजूक प्रश्न होय. कोठें ज्येष्ठतेप्रमाणें वांटा देतात, कोठें ज्यानें काम आणलें त्यास अधिक. दुसऱ्या रीतीनें उत्साह वाढतो हें खरें. पण मग जो तो आपला पक्षकार सहकाऱ्यापासून राखून ठेवतो, आणि उमेदवारास शिकविण्यांत कोणी वेळ घालवीत नाहीं. शिकविणाराचा वेळ खतावणींत मांडला जात नाहीं, हें आम्हां शिक्षकांस निराळें सांगावयास नको! मला पहिली रीतच बरी वाटते.

१९१७ सालीं स्थापन झालेली अमरचंद मंगलदास ही पेढी २०१५ सालीं दोघां भावांत विभागली गेली. मुंबईची पेढी सिरिल श्रॉफ यांजकडे व दिल्लीची शार्दूल श्रॉफ यांजकडे राहिली. मेजें, खुर्च्या, पुस्तकें यांची वांटणी करणें सोपें. परंतु कोणता भागीदार कोणाबरोबर जावयाचा व कोणता पक्षकार त्याच्या मागोमाग जावयाचा, हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें.