वारंवार गर्भ पडणे : दोष बाईचा नाही, आजार रक्ताचा असू शकतो

दापोली तालुक्यातल्या आपल्या वाड्यांत एखाद्या सुनेचे लागोपाठ गर्भ पडले की कुजबुज सुरू होते. कोणी नजर लागली म्हणते, कोणी भगताकडे न्यायला सांगते. पण यामागे रक्ताचा एक आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहे. तो आपण समजून घेऊ.

रक्तातली प्रतिपिंडे जंतूंशी लढतात. कधी कधी ती चुकून आपल्याच शरीरावर उलटतात. त्यांतल्या काहींमुळे रक्तवाहिन्यांत नको तेथे गुठळ्या होतात. या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले. ल्युपस असलेल्यांत तो अधिक आढळतो, पण एरवीही होतो, पुरुषांनाही होतो.

गुठळी पायात झाली तर एकच पाय सुजतो, दुखतो. ती फुप्फुसात गेली तर दम लागतो. मेंदूत झाली तर तरुणपणीच लकवा येतो. गरोदरपणी वारेचे काम बिघडले तर गर्भ टिकत नाही.

निदानासाठी रक्ताच्या तीन तपासण्या असतात : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनची. दोष आढळल्यास निदान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात, कारण साध्या तापानंतरही प्रतिपिंडे काही काळ दिसतात. पहिल्या तपासणीचे एक नवल आहे : नळीत हे रक्त उशिरा गोठते, शरीरात मात्र गुठळ्या करते.

आणखी एक गोष्ट घरोघरी कळायला हवी. या आजारात गुप्तरोगाची व्हीडीआरएल तपासणी खोटी 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. तेव्हा संशय घेऊन संसार मोडू नका. टीपीएचए तपासणीने खात्री करा.

गुठळी झालेल्यांना वॉरफरिन देतात आणि आयएनआर तपासून मात्रा ठरवतात. गोळी मनाने बंद करू नये. पालेभाजी खावी, पण रोज साधारण सारख्याच प्रमाणात. गर्भ राहिल्यास वॉरफरिन चालत नाही, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन व हेपरिनची इंजेक्शने देतात. त्यामुळे अनेक मातांच्या कुशीत बाळ येते. तंबाखू, मिश्री सोडावी. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तीनदा गर्भ पडला असेल किंवा तिसऱ्या महिन्यानंतर एकदाही बाळ गेले असेल, तर आशाताईंना सांगा, उपजिल्हा रुग्णालयात जुने कागद घेऊन जा आणि या तपासण्यांविषयी विचारा. आणि सुनेबरोबर सासूबाईंनी, नवऱ्यानेही जावे, अशी आमची विनंती आहे.