वाळूची वाट

जर्सी सिटीत आमच्या घराभोवती उंच इमारती आहेत. प्रत्येक रस्त्यावर नावाची पाटी असते, त्यामुळे वाट चुकायची भीती नसते. पण त्या शनिवारी आम्ही व्हार्टनच्या जंगलात जाणार होतो. न्यू जर्सी राज्याच्या दक्षिण भागातले हे मोठे जंगल. तिथे पाइनच्या झाडांतून वाळूच्या कच्च्या वाटा जातात. सगळ्या वाटा सारख्याच दिसतात!

आदल्या रात्री बाबांनी संगणकावर नकाशांची आज्ञावली उघडली. वाळूच्या वाटांवरून त्यांनी निळी रेघ ओढली. पूल, तळे अशा जागी खुणा केल्या. मग हे सारे तारेने जोडलेल्या छोट्या जीपीएस यंत्रात भरले.

सिन्नरहून आलेले आजोबा पाहत होते. त्यांनी विचारले, "नकाशा भरलास, पण आपण कुठे आहोत हे त्याला कसं कळणार?"

"उपग्रहांमुळे," बाबा म्हणाले. "ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपली जागा व वेळ रेडिओ संदेशाने कळवत राहतात. संदेश यायला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतर काढतं. चार उपग्रहांची अंतरं मिळाली, की आपली जागा ठरते."

"किती वेळ लागतो?" मी विचारले.

"एका सेकंदाचा साधारण पंधरावा भाग!"

सकाळी निघताना यंत्राने आम्हांला शेजारच्याच गल्लीत दाखवले. उंच भिंतींवर आपटून आलेल्या संदेशांमुळे ते फसले होते. जंगलात आकाश मोकळे होते, तिथे ते बरोबर चालू लागले.

आम्ही बॅट्स्टो या जुन्या गावी पोचलो. इथल्या दलदलीत सापडणारे लोखंड वितळवण्यासाठी १७६६ साली येथे भट्टी उभारली होती. तिथे मी यंत्रात एक खूण केली आणि आमची जीप वाळूच्या वाटेला लागली.

दुपार कलली. एका वळणावर वाट पाण्यात बुडालेली दिसली. पाणी चहासारखे तांबूस होते. तळ दिसत नव्हता. निळी रेघ मात्र सरळ पुढे जात होती.

"वाट तर हीच आहे," बाबा म्हणाले.

आजोबा खाली उतरले. त्यांनी एक लांब फांदी काठावरून पाण्यात खुपसली. ती कमरेइतकी आत गेली, तरी तळ लागेना.

"वाट हीच असेल रे, पण ती पाण्याखाली आहे. ओढ्याचा अंदाज घेतल्याशिवाय आम्ही बैल पाण्यात घालत नसू."

बाबांनी जीप मागे घेतली. ऊन उतरत होते. मोबाइलला संपर्क नव्हता. तेवढ्यात यंत्राचे सेलही संपत आले! आईने पिशवीतून नवे सेल काढून दिले. कागदी नकाशाही तिने बरोबर घेतला होता. आम्ही आलो त्या वाटेची ठिपक्यांची रेघ यंत्रात उमटली होती. एका फाट्यावर बाबा उजवीकडे वळू लागले.

"बाबा, ठिपके डावीकडे आहेत!" मी ओरडलो.

अंधार पडता पडता आम्ही बॅट्स्टोला पोचलो.

घरी आल्यावर यंत्र पुन्हा संगणकाला जोडले. पाणी होते त्या जागी मी लाल खूण केली.

"हिला नाव काय देऊ, आजोबा?"

"लिही, 'इथे आधी काठी घाला.'"