कहाणीतली मोळी

लोकसाहित्याच्या अभ्यासात श्रावणातल्या कहाण्यांची ओळख 'फलश्रुतीच्या कथा' अशी करून दिली जाते. वसा घेतला, फळ मिळाले, संपले. परंतु आदित्यराणूबाईची कहाणी सावकाश वाचली तर तीत फळ व्रताला जितके आहे तितकेच ऐकण्याला आहे असे दिसते.

गरीब ब्राह्मणाच्या दोन मुली, एक राजाला दिलेली, दुसरी प्रधानाला. बाप भेटीला जातो आणि आधी माझी कहाणी ऐक म्हणतो. राणीला सवड नाही, राजा शिकारीला निघालेला. प्रधानाची बायको मात्र ऐकते. राणीच्या घरी दारिद्र्य येते, बहिणीचे घर भरलेले राहते. पुढे राणी वसा घेते, दिवस पालटतात आणि सासरी परतताना हीच बाई वाटेत ऐकणारा शोधत फिरते! एक मोळीविक्या भेटतो. पोट रिकामे असताना कहाणी काय ऐकू, ही त्याची तक्रार. तरी तो ऐकतो, आणि लाकडाची मोळी सोन्याची होते. माळ्याच्या विहिरीला पाणी लागते, म्हातारीचे गेलेले मुलगे परत येतात.

हीच कल्पना २००८ सालच्या 'बेडटाइम स्टोरीज' या अमेरिकन चित्रपटात विनोदाच्या अंगाने आली आहे. हॉटेलात दुरुस्तीची कामे करणारा मामा भाचा-भाचीला रात्री गोष्टी सांगतो आणि त्या दुसऱ्या दिवशी खऱ्या होतात. आपण सांगू ते घडेल या आशेने तो फुकटच्या तांबड्या मोटारीची वाट पाहतो. घडते ते मात्र मुलांनी मध्येच घातलेले. आकाशातून गोळ्यांचा पाऊससुद्धा! आपल्याकडे केदार शिंदे यांच्या 'अगं बाई अरेच्चा!' (२००४) मध्ये तर वरच ऐकण्याचा आहे. नायकाला बायकांच्या मनातले ऐकू येते आणि तिथूनच त्याची फजिती सुरू होते.

मला या तिघांत मोळीविक्याचीच काळजी वाटते. चित्रपटातली मुले गोष्टीत भर घालतात, आपल्याला हवे ते मागतात. तो काहीच मागत नाही. त्याला सोने हवे होते की भाकर, हे कोणी विचारलेच नाही.

आमच्या पोंभुर्ण्याकडे मोळी ही काही कहाणीतली वस्तू नव्हे. माझ्या आईने ती पुष्कळ वर्षे डोक्यावरून वाहिली आहे. तिला अक्षरओळख नाही, म्हणून मी तिला ही कहाणी वाचून दाखवली. सोन्याच्या मोळीपाशी ती हसली. म्हणाली, "मंग थे इकत कोनं घेतलन?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आन् त्या राती सैपाक कायवर केलन त्या घरी?"

माझ्याजवळच्या छापील प्रतीत याचे उत्तर नाही. आमच्या घरी धाकटी बहीण आता ही कहाणी सांगते तेव्हा मोळीतली दोन लाकडे लाकडेच राहू देते.